टाकीजवळचे दोन तास

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे न उघडता ठेवून देशील, म्हणून पत्ता आमच्या लॅबच्या मालकीणबाईंकडून लिहून घेतला आहे. फसवाफसवी एवढीच. आतलं सगळं खरं.

तीन वर्षं झाली. फोनवर तू मला बंद केलंस, इंटरनेटवर जिथे जिथे म्हणून बंद करता येतं तिथे तिथे केलंस. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, तेव्हा त्याच्या पिशवीतून येते आहे. उत्तराची सक्ती नाही. म्हणजे मला करायची आहे, पण कोणत्या तोंडाने करू?

तुझ्याबद्दल मी इंटरनेटवर टाकलेल्या त्या मजकुराबद्दल आज लिहीत नाही. मी चुकले हे तेव्हाच कबूल केलं होतं, आणि तू सांगितल्यावर तो लगेच काढूनही टाकला होता. असो.

मी अजून त्याच लॅबमध्ये कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात बनवून परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही. दिसतो तो त्याचा प्लास्टरचा जबडा आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. मेणात दात बसवायचे, साचा बंद करायचा, मेण वितळवून त्या जागी गुलाबी लगदा भरायचा आणि तो साचा गरम पाण्याच्या टाकीत दोन तास ठेवायचा. पाणी हळूहळू तापलं पाहिजे. आमच्या टाकीचं बटण म्हातारं झालं आहे, ते आपल्या मर्जीने पुढे सरकतं, म्हणून कोणीतरी जवळ बसावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. गेली सहा वर्षं रोज दोन तास मी त्या टाकीजवळ स्टुलावर बसते आणि फोन बघते.

मागच्या आठवड्यात बघता बघता पाणी उकळलं. मला कळलं तेव्हा झाकण थडथडत होतं. साचा उघडला तर दोनशे अठरा नंबरची कवळी आतून बुडबुडे धरून जाळीदार झालेली. अशी कवळी चावताना मोडते. फेकण्याशिवाय इलाज नसतो.

आणि दोनशे अठरा नंबर स्वतः चालत लॅबमध्ये आला. डॉक्टरांनी त्याला कारण सांगितलं होतं आणि त्याला ते कारण डोळ्यांनी बघायचं होतं. सत्तरीपुढचे आजोबा, इस्त्रीचा शर्ट, गाल आत गेलेले. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी फक्त विचारलं, मी काय बघत होते. थाप मारावी असं मनात आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. सांगितलं, एक माणूस मळका गालिचा धूत होता.

"निघाला का स्वच्छ?" आजोबांनी विचारलं.

मी म्हटलं, निघाला.

मग ते म्हणाले की दर शनिवारी चार ते पाच ते वाचनालयात पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतात. ज्यांची नजर गेली आहे, ज्यांना घरी कोणी बोलायला नाही, असे तीसेक लोक येतात. अकरा वर्षांत एकही शनिवार चुकला नाही. जुनी कवळी मोडली, नवीन मी शिजवून टाकली, तेव्हा या शनिवारी वाचायचं मी. मी तोंड उघडायच्या आत मालकीणबाई म्हणाल्या, "येईल ती."

बघ, तुझ्या बहिणीचं वाक्य आता दुसरं कोणी पूर्ण करतं.

तुझी,
घाई


९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तू मला घाई हे नाव ठेवलंस ते काही उगाच नाही. तू एखाद्या अक्षराशी अडलास की मी तुझं उरलेलं वाक्य बोलून मोकळी व्हायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, किती जीव आहे भावावर. मला थांबवत नव्हतं, एवढंच होतं ते.

काल वाचनालयात तीच घाई माझ्या अंगलट आली. लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. पुस्तक म्हणजे जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची जाडजूड कादंबरी, ती आजोबांनी अर्ध्यावर आणून ठेवलेली. मी वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर दोन ओळी गाळल्या. नजर आपली पुढे उडी मारते, काय झालं ते आधी बघायला. पान संपत आलं की माझा अंगठा कागदावरून वर सरकायचा. कागद काही हलत नाही. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मीच मनातल्या मनात ओशाळले.

पहिल्या रांगेत पांढरी काठी घेऊन बसलेल्या एक बाई आहेत. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, जरा हळू वाचा, आम्हाला कुठे जायचं नाही. त्यांच्या शेजारी एक निवृत्त बसचालक डोळे मिटून बसतात. मला वाटलं झोपले. मी पुन्हा ओळ गाळली तर डोळे न उघडता म्हणाले, "मागचा स्टॉप राहिला."

चाळीस मिनिटांत अकरा पानं झाली. शेवटच्या तीन पानांवर मात्र मी काहीच गाळलं नाही, आणि त्या वेळी सगळी खोली ऐकते आहे हे माझ्या कानांना कळलं. टाळ्या नाहीत, अंगठे नाहीत, नुसते तीस लोक गप्प बसलेले. असं गप्प बसणं माझ्या वाट्याला फार वर्षांनी आलं.

पुस्तक घरी आणलं आहे. सकाळी पाच पानं वाचली आणि त्यात चार वेळा फोन बघितला. मोजलं म्हणून सांगते. लहानपणी जेवताना पुस्तक हातातून काढून घ्यावं लागायचं ती मी. ती मुलगी कुठे गेली हे मला आज जेवढं टोचतंय तेवढं कधी टोचलं नव्हतं.

तुझी,
घाई


१७ मार्च, सोमवार

दादा,

लॅबमध्ये एक कपाट आहे, त्यात जुन्या रुग्णांचे प्लास्टरचे जबडे ठेवतात. खालच्या खणात सकाळी मी माझा फोन ठेवते आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत काढते. त्याच्या दोन्ही बाजूंना कोणाचे तरी जबडे. फोन थरथरला की सगळे जबडे एकदम कडकडतात. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. आता त्यांनाही सवय झाली आहे.

पहिला आठवडा वाईट गेला. हात सारखा खिशाकडे जायचा. टाकीजवळ दोन तास बसायचं आणि समोर पाण्याची वाफ. मग स्वयंपाक्याची कादंबरी न्यायला लागले. आधी दहा पानांत जीव मेटाकुटीला यायचा. मग वीस झाली. एक दिवस टाकीची घंटा वाजली आणि मी दचकले, कारण मी बोटीवर होते. दादा, त्या दिवशी मी आनंदाने रडले. कवळीवर टिपं पडली तर मालकीणबाई ओरडतील म्हणून तोंड फिरवून रडले.

आणि आता कबुली. मी लिहिते आहे. गेले बारा दिवस, टाकीजवळ, वहीत, पेनाने. कवळी तयार होते तोवर एक पान. कधी पाऊण. एक बाई आहे, नदीच्या दोन काठांमध्ये जाणाऱ्या नावेवर तिकिटं फाडते. रोज तीच माणसं, तेच पाणी, आणि तिने आयुष्यात एकदाही नदीच्या उगमाकडे किंवा मुखाकडे प्रवास केलेला नाही. नुसती आडवी ये-जा. एका दिवशी ती ठरवते की नाव वळवायची. पुढे काय होतं ते मलाच अजून माहीत नाही, आणि त्याचीच गंमत वाटते आहे.

पहिलं प्रकरण सोबत पाठवते. यात तू नाहीस. तुझ्यासारखा कोणीही नाही. मी शब्द देते.

मला हे पूर्ण करायचं आहे. आजवर मी किती गोष्टी सुरू केल्या ते तुला माहीत आहे, आणि किती संपवल्या तेही. ही संपली नाही तर मी लिहिणारी नव्हतेच, असं मी स्वतःला सांगून टाकलं आहे. आणि संपली तर पहिल्यांदा तू वाचावीस, एवढी एकच हाव आहे.

तुझी,
घाई


२९ एप्रिल, मंगळवार

दादा,

मी माती खाल्ली.

चौथं प्रकरण झालं आणि मला राहवेना. जेवायच्या सुट्टीत फोन काढला आणि सगळ्या जगाला सांगितलं, 'मी कादंबरी लिहिते आहे.' सोबत वहीचा फोटो, पेन तिरकं ठेवून. संध्याकाळपर्यंत सहाशे लोकांनी अभिनंदन केलं. कोणी म्हणे वाट बघतोय, कोणी म्हणे तुझ्यात आहेच ते. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ वही उघडली तर एक ओळ सुचेना. तिसऱ्या दिवशीही नाही. एकोणीस दिवस नाही, दादा. पुस्तक लिहून झाल्यावर जे मिळायचं ते मला आधीच मिळून गेलं होतं. मग लिहायचं कशाला, असं माझ्या मेंदूने सरळ विचारलं असणार.

विसाव्या दिवशी मी तो फोटो काढून टाकला. सहाशे अभिनंदनं त्याबरोबर गेली. काढतानाच मला दुसरं काहीतरी आठवलं, जे मी इतके दिवस आठवू दिलं नव्हतं. ते आता लिहिते. लिहिल्याशिवाय पुढचं प्रकरण येणार नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तो मजकूर मी लगेच काढला नव्हता.

तू तिकीटखिडकीवर गावाचं नाव सांगताना कसा अडलास, मागे रांग कशी लांबत गेली, ते मी लिहिलं. अडलेलं अक्षर आठ आठ वेळा लिहिलं, लोकांना तुझा आवाज ऐकू यावा म्हणून. मंगळवारी सकाळी दहाला तुझा निरोप आला, एकच शब्द, 'काढ'. मी 'बघते' असं कळवलं. तेव्हा अकरा हजार लोकांना ते आवडलं होतं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे. संध्याकाळी एकोणीस हजार झाले. म्हटलं, सकाळी काढू. मी ते गुरुवारी दुपारी काढलं. मधल्या बुधवारी तुझ्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कोणीतरी ते तुझ्यासमोर मोठ्याने वाचलं, माझी ती आठ आठ अक्षरं एकेक करून, आणि लोक हसले. मंगळवारी काढलं असतं तर हे घडलं नसतं.

मी लिहिलं ही चूक होती. दोन दिवस आकडा वाढताना बघत बसले, ही चूक नव्हती. ते मी समजून उमजून केलं. तू रागावलास ते लिहिण्यावर नाही, त्या दोन दिवसांवर, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर मी 'लगेच' असा शब्द घातला.

मला माफ कर, असं लिहून तुला पेचात टाकत नाही. तुला जे वाटत असेल ते वाटू दे.

पाचवं प्रकरण उद्या सुरू करते आहे.

तुझी,
घाई


१ जुलै, मंगळवार

दादा,

वहिनीचा निरोप आला. एक शब्द, 'पोचतंय.' मी तो लॅबच्या जिन्यात उभी राहून इतक्या वेळा वाचला की खालून येणाऱ्या प्लास्टरवाल्याने विचारलं, काही वाईट बातमी का. मी म्हटलं, नाही हो, फार चांगली.

हा निरोप फोनवरच आला, हे मी फोनच्या खात्यात प्रामाणिकपणे जमा केलं आहे. मी काही संन्यास घेतलेला नाही. दुपारी अर्धा तास आणि घरी गेल्यावर एक तास, एवढा त्याचा हक्क. आणि त्या तासात मी काय काय मिळवलं म्हणून सांगू. नावेचं इंजिन मला ठाऊक नव्हतं. एका दूरदेशीच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने आपलं इंजिन उघडून एकेक भाग दाखवलेला मला सापडला. मी त्याला प्रश्न विचारला, त्याने तीन दिवसांनी उत्तर दिलं, तेलकट बोटाच्या फोटोसकट. गालिचा धुणाऱ्यापेक्षा हा बरा. गालिचेही मी अधूनमधून बघते, खोटं कशाला बोलू. पण टाकीजवळ नाही.

मेकॅनिकवरून सांगायचं म्हणजे, मी शब्द मोडला. पुस्तकात एक भाऊ आला आहे. न बोलावता आला. तिकीटवालीचा थोरला भाऊ, नावेवरचा मेकॅनिक, खाली नावेच्या पोटात इंजिनाजवळ बसतो. मी त्याला हाकलायचा प्रयत्न केला, पण नाव चालवायला कोणीतरी हवं ना. तू काळजी करू नकोस. सबंध पुस्तकात मी त्याला एकही वाक्य दिलेलं नाही. तो मान हलवतो, पाना फिरवतो, पुरे. या वेळी तुझ्यापैकी काहीही मी वापरणार नाही, याची मी डोळ्यांत तेल घालून खबरदारी घेते आहे.

आजोबांना नवी कवळी केव्हाच मिळाली. मी स्वतः शिजवली, पाण्यावरून नजर न हलवता. शनिवारी आता अर्धा तास ते वाचतात आणि अर्धा तास मी. एकदा धीर करून त्यांना माझं तिसरं प्रकरण दिलं. त्यांनी परत देताना सांगितलं, सातव्या पानावर मला डुलकी लागली, तिथे बघा काहीतरी झालंय. बघितलं. सातव्या पानावर मी एक सुंदर सूर्यास्त लिहिला होता. काढला. दोन पानं नदीच्या सूर्यास्ताची, आणि तिकीटवालीला त्या वेळी सुटे पैसे शोधायचे होते. तिचं लक्ष कसं जाणार?

सहा ते आठ प्रकरणं सोबत आहेत.

तुझी,
घाई


३० ऑगस्ट, शनिवार

दादा,

संपलं.

काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, टाकीजवळ, स्टुलावर बसून, चौथ्या वहीच्या शेवटून अकराव्या पानावर. पुढची पानं कोरी आहेत आणि ती कोरीच राहणार आहेत, कारण आता लिहायचं काही उरलेलं नाही. मी ओरडले म्हणे. मला आठवत नाही. मालकीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं वाफेने हात भाजला. मी त्यांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे, वहीकडे, मग टाकीच्या काट्याकडे बघितलं. काटा जागेवर होता. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आज लवकर घरी जा." सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी कोणालाही कळवलेलं नाही. फोन खणात होता, तो तसाच पिशवीत टाकला आणि घरी चालत आले, तीन किलोमीटर. इतका मोठा आनंद एकटीने बाळगायची मला सवयच नव्हती. वाटेत दोन कुत्र्यांना सांगितलं.

दादा, मी संपवलं. सुरू केलेली गोष्ट मी संपवली.

शेवटची प्रकरणं टाइप करून पाठवते आहे. आजोबांनी आणि ग्रंथपालबाईंनी ठरवलं आहे की २० सप्टेंबरच्या शनिवारी पूर्ण तास मी माझंच वाचायचं, शेवटचं प्रकरण. चार वाजता. वाचनालय बसस्थानकाच्या मागे, दुसरा मजला. हे आमंत्रण नाही. नुसता पत्ता आहे.

तुझी,
घाई


२१ सप्टेंबर, रविवार

दादा,

कालचं सगळं तुला माहीत आहे, तू तिथे होतास. पण माझ्या खुर्चीतून ते कसं दिसलं, ते तुला माहीत नाही, आणि तुझी बस साडेसहाची होती, म्हणून सांगायचं राहिलं.

तू आलास तेव्हा मी दुसऱ्या पानावर होते. दार वाजलं म्हणून वर बघितलं. तू शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसलास, पिशवी मांडीवर धरून, कधीही उठून जाता येईल असा. केस पिकलेत तुझे. माझी ओळ सुटली. बसचालक डोळे मिटून म्हणाले, "मागचा स्टॉप." सगळे हसले आणि मी पुन्हा मागची ओळ धरली. त्यानंतर मी एकदाही वर बघितलं नाही. बघितलं असतं तर वाचून झालं नसतं.

शेवटचं वाक्य वाचलं आणि खोलीत तीच शांतता झाली, फेब्रुवारीतली, पण या वेळी ती माझ्या वाक्यांनी झाली होती. मग टाळ्या. आजोबा उभे राहून वाजवत होते, नवे दात सगळे दाखवत. मला वाटलं, याच्यापुढे आता काही नको.

ग्रंथपालबाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न आहे का. बसचालकांनी विचारलं की नाव वळवल्यावर उतारूंना तिकिटाचे पैसे परत मिळाले का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरोबर केलंत.

मग तू उभा राहिलास.

मला तुझे शाळेतले दिवस आठवले. उत्तर येत असूनही तू हात वर करायचा नाहीस. तीस लोकांपुढे आपण होऊन उभा राहिलेला मी तुला जन्मात बघितला नव्हता. तू 'त्या' म्हणालास आणि पुढच्या अक्षराशी अडलास. खोली थांबली. आजोबांना लोकांना शब्द सुचवायची खोड आहे, तेही गप्प राहिले. आणि मी, दादा, माझ्या जिभेवर तुझं वाक्य तयार होतं. 'त्या मजकुराचं काय?' हेच तू विचारणार, अशी माझी खात्री होती. एरवी मी ते बोलून टाकलं असतं आणि सगळ्यांसमोर माफी मागून मोकळी झाले असते. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि थांबले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही, तुझ्याकडे बघत होते.

तू कसं बोललास ते मी लिहिणार नाही. काय बोललास ते लिहिते.

"त्या मेकॅनिकला सगळ्या पुस्तकात एकही वाक्य का नाही?"

माझ्या जिभेवर जे होतं ते चुकीचं होतं. एवढ्या वर्षांत मी तुझी किती वाक्यं अशी चुकीची पूर्ण केली असतील, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी खरं तेच सांगितलं, की मला भीती वाटली. तू खाली बसला नाहीस. पुन्हा बोलायला लागलास, आणि पुन्हा सगळे थांबले. पांढऱ्या काठीच्या बाईंनी मान तुझ्या दिशेने वळवली होती, चेहरा असा की काही चांगलं ऐकायला मिळणार आहे.

"मग घाबरत लिही," तू म्हणालास. "पण त्याला बोलू दे. अडखळला तर अडखळू दे. तोंड बांधून ठेवलंस तर तेही हसण्यासारखंच झालं."

बसचालकांनी डोळे उघडले. आठ महिन्यांत मी त्यांचे डोळे पहिल्यांदा बघितले, करडे आहेत. ते म्हणाले, हा बरोबर बोलतोय, त्या मेकॅनिकचं आम्हालाही ऐकायचं आहे. मागून कोणीतरी हो म्हणालं. मग आणखी कोणीतरी. आणि तू तिथे उभा होतास, पिशवी हातात, कान लाल झालेले, आणि दादा, तू हसत होतास. तीस जणांनी तुझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून मान्य केलं होतं. माझ्या टाळ्या त्यापुढे काहीच नव्हत्या, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की लिहिता येत नाही.

दारात तू म्हणालास, नववं प्रकरण लांबलंय. हे तू म्हणालास तेव्हा मला कळलं की तू सगळं वाचलंस.

आज लॅब बंद. सकाळी कोणीतरी कालचे फोटो टाकले होते ते वीस मिनिटं बघितले. एकात तू मागून दिसतोस. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि पाचवी वही उघडली. पुस्तक संपलं असं मी गावभर, म्हणजे दोन कुत्र्यांना सांगितलं होतं. संपलेलं नाही. पण आता मला घाई नाही.

जिथे नाव भर नदीत बंद पडते, तिथे आहे मी. तिकीटवाली शिडीवरून खाली येते आणि भावाला विचारते, काय झालं. आजपर्यंत तो इथे मान हलवायचा. आता तो सांगायला लागला आहे. सव्वा पान झालं, त्याचं पहिलं वाक्य अजून चालू आहे, आणि ती मध्ये एक शब्दही बोललेली नाही.

तुझी,
घाई